सत्तावन्न

सकाळी साडेनऊला मुळांची टोकं छाटायची.
तेव्हा पेशी दुभंगायच्या तयारीत असतात, असं डिल्विन म्हणतो.
डिल्विन स्वतः नऊच्या आधी कधी येत नाही,
म्हणून हा नियम निसर्गाचा की त्याचा, मला आजवर कळलेलं नाही.

ॲबरिस्टविथची टेकडी. खिडकीच्या काचेवर समुद्राचं मीठ.
ओट्यावर एकाच गोतातल्या कुंड्या,
जाड पानांच्या, पाणी पोटात दडवून
शहाजोगपणे बसलेल्या.
एकीनं कोळिष्टक पांघरलंय,
एकीची टोकं विटक्या मेंदीची.
बाकी दिसायला उणीस-वीस.

मोजलं की मात्र घरोघरची गोष्ट वेगळी.
कोळिष्टकवालीत बत्तीस.
तिच्यासारखीच दुसरी, तसंच जाळं, तीच गुलाबी फुलं,
तिच्यात चौसष्ट.
डोंगरावरची हिरवी, बेचाळीस.
घरांच्या छपरांवर राहणारी, बहात्तर.
गुणसूत्र हा शब्द ज्यानं कुणी घडवला
त्याच्या मनात गुणाकार होता का?

आम्लात भिजवायचं, जांभळं रंगवायचं,
काचेखाली ठेवून अंगठ्यानं दाबायचं,
घसरू न देता. तेवढंच माझं कौशल्य.
संध्याकाळी बोटांना व्हिनेगरचा वास,
बसमधल्या पोराला वाटतं मी चिप्सच्या दुकानात असते.

डिल्विन वेल्शमध्ये मोजतो, मी मराठीत,
म्हणजे एकमेकांचे आकडे एकमेकांना लागत नाहीत.
अठराला त्याची आजी म्हणायची देइनाउ,
म्हणजे दोन नऊ.
नऊ त्यांच्याकडेही नऊच आहे, जवळजवळ.
कुठल्या डोंगरावर वेगळे झालो असू कोण जाणे.
मग माझा एकोणीस येतो,
हातात असलेलं सोडून
पुढच्या विसाकडे बघणारा, एक उणा.

एप्रिलात ग्वेनलियन प्रोबर्ट आल्या, वय एक्क्याऐंशी,
मार्जरीनच्या डब्यात छपरावरची पिल्लं घेऊन.
ताल-इ-बॉन्टचं घर, पाटीच्या दगडाचं छप्पर,
पणजीनं लावलेलं हे झाड,
वीज पडू नये म्हणून.
पडली नाही. शेजारच्या चॅपेलवर पडली.
"आमचं जुनं, अस्सल," म्हणाल्या, "तुमच्या वहीत घ्या."

बहात्तर येणार, मी धरूनच चालले होते.
पहिल्या काचेवर सत्तावन्न.
दोन एकमेकांवर पडलेत, म्हणून पुन्हा.
दुसऱ्या काचेवर सत्तावन्न. तिसऱ्या, सहाव्या.
असे छप्पन्न पाहिलेत, असं म्हणायची सोय नव्हती,
एक जास्त होता.

छत्तीस छपराचे, एकवीस डोंगराचे.
कुठल्या बागेत, कुठल्या माशीनं, कोणाला माहीत.
पंगतीत किती पानांसमोर कुणी बसलेलंच नाही;
फूल येतं, तुरा येतो,
बी चिमटीत धरलं की भुकटी.
आणि तरी पणजीपासून आजवर
पिल्लामागून पिल्लू, कडेकडेनं,
एकही बी न रुजवता अख्खं छप्पर.

प्रोबर्टबाईंना सांगायचं कसं, यावर मी दोन दिवस घालवले.
शेवटी चहा करून सांगितलं:
अर्धं तुमच्या छपराचं, अर्धं दुसरीकडचं.
त्यांनी बिस्कीट बुडवलं, ते तुटून तळाशी गेलं,
चमच्यानं काढलं, खाल्लं.
मग विचारलं,
"विजेला मोजता येतं का?"

डबा त्यांनी परत नेला नाही.
त्यातलं एक पिल्लू खिडकीत आहे,
मीठ लागून थोडं तांबूस झालंय.
वहीत नावाचा रकाना तीन आठवडे रिकामा होता,
लॅटिन नाव कुठलं द्यावं यावर डिल्विनचे दोन मेल, माझा एक.
शुक्रवारी मी पेननं लिहिलं: प्रोबर्टबाईंची.
सोमवारी पाहिलं,
त्यानं खोडलं नव्हतं,
फक्त पुढे आकडा घातला होता,
वेल्शमध्ये.